शिजलेले आणि कच्चे : थाई भोजनातील धाडस

'टोळधाड' हा शब्द आपल्या बोलण्यात किती मुरला आहे, हे काही वेगळे सांगायला नको. न सांगता दहा पाहुणे दारात उभे राहिले की घरातले मोठे माणूस हळूच म्हणते, "आली टोळधाड!" यामागे खरी आठवण आहे. १९०१ ते १९०८ या वर्षांत आपल्याकडे पिकांवर जे टोळ उतरले, त्या जातीला प्राणिशास्त्रात आजही 'बॉम्बे लोकस्ट' म्हणजे मुंबई टोळ म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावात तर आपला 'पतंग' हा शब्दच जाऊन बसला आहे.

हाच मुंबई टोळ १९७० नंतरच्या दशकात थायलंडमधल्या मक्यावर तुटून पडला. सरकारने विमानांतून औषध फवारले. टोळ काही हटेना. तेव्हा १९७८ ते १९८१ च्या सुमारास सरकारने वेगळाच उपाय काढला. लोकांना सांगितले, हे टोळ धरा आणि तळून खा. लोकांनी ते मनावर घेतले. पुढे तर टोळाला बाजारात असा भाव आला की काही शेतकरी टोळांनी येऊन खावा म्हणूनच मका पेरू लागले. पिकाचा शत्रू म्हणून जो आला तो स्वतःच पीक होऊन बसला.

आपण म्हणाल, हे ऐकूनच अंगावर काटा येतो. येऊ द्या. आजचा विषय तोच आहे. परमुलखात, विशेषतः थायलंडात, खाणावळीत बसल्यावर समोर जे चमत्कारिक पदार्थ येतात, त्यांतले कोणते धीर करून चाखावेत आणि कोणत्या पदार्थापुढे हात आवरावा? बहुतेक पाहुण्यांचा अंदाज इथे नेमका उलटा पडतो. ज्याची किळस येते त्याला ते घाबरतात, आणि जे दिसायला साधे, लिंबू पिळलेले, हिरव्या पाल्याने सजवलेले असते त्यावर निःशंक हात मारतात.

आधी थोडा भूगोल सांगतो. मुंबई-पुण्याच्या थाई उपाहारगृहांत जे मिळते ते मुख्यतः मध्य थायलंडच्या पद्धतीचे जेवण. नारळाच्या दुधातली हिरवी किंवा तांबडी आमटी, गवती चहाचा वास, कुलिंजन, एका जातीच्या लिंबाची पाने. कोकणातल्या माणसाला ते परके वाटू नये. मिरचीसुद्धा दोघांकडे एकाच वाटेने आली, अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांवरून. मला सांगायचे आहे ते मात्र ईशान्य थायलंडचे. या भागाचे नावच 'ईसान', म्हणजे आपला संस्कृत 'ईशान'. देशाची जवळजवळ एक तृतीयांश जमीन या भागात आहे, पण ती रेताड, जागोजाग खारवट, आणि पाऊस बेभरवशाचा. समुद्र दूर. अशा ठिकाणी माणूस जे हाताला लागेल ते खायला शिकतो आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यातून चव काढतो. भातशेतीच्या पाण्यातले मासे, खेकडे, बेडूक, बांधावरचे किडे, आंब्यावरच्या मुंग्या, यांपैकी काहीच टाकून दिले जात नाही. पुढे ईसानची माणसे पोटासाठी बँकॉकला गेली, टॅक्सी चालवू लागली, इमारतींवर राबू लागली, आणि त्यांच्यामागून त्यांचे जेवण राजधानीत आले. राजधानीने पुष्कळ वर्षे त्याला नाक मुरडले. आता तेच जेवण देशभर आवडीने खातात.

किड्यांपासून आरंभ करू, कारण भीती तिथेच जास्त. खोन केन हे ईसानमधले मोठे शहर. तिथल्या रात्रीच्या बाजारात हातगाड्यांवर परातीत रातकिडे, रेशमाच्या कोशातल्या अळ्या, टोळ असे ढीग मांडलेले असतात. आपल्याकडे चणे-फुटाणेवाला मांडतो तसेच. विकणारी बाई पुडीत भरते, वर सोयाबीनचे खारे पाणी आणि पांढऱ्या मिरीची पूड भुरभुरते. मी पाली भाषेचा अध्यापक. एका परिसंवादाच्या निमित्ताने तिथे गेलो होतो. पहिला रातकिडा तोंडात टाकायला मला बराच वेळ लागला. चव विचाराल तर सांगतो, खरपूस भाजलेल्या सोड्यासारखी. कुरकुरीत, खारट, आणि मागून थोडी शेंगदाण्यासारखी गोडी. कोशातली अळी मऊ असते, उकडलेल्या शेंगांची आठवण करून देणारी. रेशमाचा धागा काढताना कोश गरम पाण्यात टाकावे लागतात. धागा सुटला की आत उरते ती ही अळी, आणि धागा काढणाऱ्या बाया ती तिथेच तोंडात टाकतात. एका कामात दोन कामे!

रातकिडे आता रानातून धरून आणत नाहीत. १९९८ च्या सुमारास खोन केनच्या विद्यापीठाने ते पाळायची रीत लोकांना शिकवली, आणि २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने जो अहवाल काढला त्यात थायलंडात असे सुमारे वीस हजार पाळणारे आणि वर्षाला साडेसात हजार टन उत्पादन असा आकडा दिला आहे. घरामागे सिमेंटच्या विटांचे हौद बांधायचे, त्यांत अंड्यांचे पुठ्ठ्याचे साचे उभे करायचे, म्हणजे किड्यांना लपायला जागा होते. खायला कोंबड्यांचे खाद्य आणि वर भोपळा किंवा पाला. साधारण दीड महिन्यात पीक तयार. जागा थोडी, पाणी थोडे, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही झेपणारे काम. २०१७ साली तर थाई सरकारने रातकिड्यांच्या गोठ्यांसाठी शेतीमालाचे रीतसर मानक ठरवले. 'गोठा' हा शब्द माझा, पण दुसरा शब्द मला सुचत नाही.

यात मुख्य पथ्ये दोन. ज्याला कोळंबी बाधते, अंगावर गांधी उठतात, त्याने किडे खाऊ नयेत, कारण दोघांच्या अंगातले बाधणारे द्रव्य सारखे असते. दुसरे असे की औषध फवारलेल्या शेतातून धरलेले किडे घेऊ नयेत, पाळलेले बरे. बाकी कढईतून ताजा तळून निघालेला किडा सहसा पोटाला त्रास देत नाही.

बांबूच्या पेरात वाढणारी एक पांढरी लांबट अळी उत्तरेकडे तळून खातात. तिचे बाजारातले नाव मोठे गमतीचे आहे. तिला 'रोट दुअन' म्हणतात, म्हणजे आगगाडीची मेल! तिचे वळेदार अंग पाहून कोणाला तरी डब्यांची रांग आठवली असावी. यातला 'रोट' म्हणजे आपला 'रथ'. थाई लोक संस्कृत-पालीतले शब्द लिहितात आपल्याप्रमाणे, पण उच्चारतात आपल्या पद्धतीने. त्यामुळे 'रस' आणि 'रथ' हे दोन्ही शब्द त्यांच्या तोंडी 'रोट' असेच येतात. 'आहार' या शब्दाचा 'आहान' होतो. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात हे उदाहरण जरूर सांगावे, मुलांना मौज वाटेल.

तांबड्या मुंग्यांची अंडी हा ईसानचा उन्हाळी मेवा. आंब्याच्या झाडावर पाने शिवून घरटी करणाऱ्या आणि कडकडून चावणाऱ्या मुंग्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्याच जातीच्या या मुंग्या. लांब बांबूच्या टोकाला टोपली बांधतात, घरट्याला ढोसतात, आणि खाली पडलेला ऐवज पाण्यात टाकतात. मुंग्या निघून जातात, पांढरे दाणे राहतात. त्यांना अंडी म्हणायचे एवढेच. खरे म्हणजे त्या बहुतेक राणी मुंग्यांच्या अळ्या आणि कोश असतात, आणि म्हणूनच ते चांगले टपोरे असतात. दाताखाली दाणा फुटतो आणि आंबूस, दुधाळ चव येते. रानभाजी घालून त्यांचा पातळ रस्सा करतात. तो मला इतका आवडला की मी दुसऱ्यांदा मागून घेतला. आपल्याकडच्या पांढरपेशा मंडळींनी याला नाके मुरडण्याचे कारण नाही. गडचिरोलीतले आपले माडिया बांधव याच मुंग्यांची चटणी करतात, आणि ओडिशातल्या मयूरभंजच्या मुंग्यांच्या चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

पाण्यातला एक मोठा, बोटभर लांबीचा किडा आहे, 'मेंग दा' नावाचा. दिसायला झुरळाचा थोरला भाऊ. पण नराच्या अंगाला पिकल्या फळासारखा असा दाट सुगंध असतो की एक किडा खलात कुटला तर सगळ्या चटणीला वास लागतो. म्हणून नराला मादीपेक्षा अधिक किंमत. आता या वासाचा कृत्रिम अर्कही बाटलीत मिळतो, पण जाणकार त्याला मानत नाहीत.

आता वासाचीच गोष्ट निघाली म्हणून 'प्ला रा'. गोड्या पाण्यातले मासे मीठ आणि भाजलेल्या तांदळाची पूड किंवा कोंडा घालून मडक्यात महिनोन्‌महिने मुरवत ठेवतात. झाकण काढले की नवखा माणूस दोन पावले मागे सरतो. आपल्या सुकट-बोंबलांच्या वासाची ज्याला घरात सवय आहे तो कदाचित एकच पाऊल सरेल. पण या मडक्यावाचून ईसानचे पान हलत नाही. कच्ची पपई किसून, लसूण, मिरची, लिंबू घालून मातीच्या उखळीत लाकडी मुसळाने ठेचतात, त्याला 'सोम तम' म्हणतात. त्यात प्ला राचे चमचाभर पाणी पडले की तो वास कुठल्या कुठे जातो आणि नुसती चव मागे राहते. मीठ भरपूर आणि मुदत लांब असल्यामुळे मुरलेला प्ला रा फारसा घातक नसतो, आणि उकळून घेतला तर अधिकच बरे. 'प्ला सोम' नावाचा आंबवलेला मासा मात्र थोड्याच दिवसांत तयार करतात. तो न शिजवता खाऊ नये. का, ते पुढे येतेच.

श्रोतेहो, इथवर मी धीर करा असे म्हणत आलो. आता एक पदार्थ असा सांगतो की जो पाहून कोणालाही भीती वाटणार नाही. त्याचे नाव 'कोई प्ला'. तळ्यातले किंवा भाताच्या खाचरातले लहान मासे, रोहू-कटला ज्या कुळातले त्याच कुळातले, धुऊन बारीक चिरायचे. त्यावर लिंबू पिळायचे, तिखट, कांदा, पुदिना आणि भाजलेल्या तांदळाची खमंग पूड घालायची, आणि चिकट भाताच्या घासाबरोबर खायचे. चूल नाही, धूर नाही. लावणी-कापणीच्या दिवसांत पुरुषमाणसे बांधावर बसून दहा मिनिटांत करतात आणि दारूबरोबर खातात. लिंबाने माशाचे मांस पांढरे पडते, त्यामुळे ते शिजल्यासारखे दिसते. पण ते शिजलेले नसते. आंबटाने मांसाचा रंग बदलतो, आतले कृमी मात्र जिवंत राहतात.

हे कृमी म्हणजे यकृतातले चपटे कृमी. आपल्या शेळ्यामेंढ्यांना आणि म्हशींना दलदलीच्या कुरणात चरून जो यकृताचा कृमी लागतो, त्याचा हा दूरचा भाऊबंद. गोगलगाय दोघांच्याही वाटेत असते. कृमी असलेल्या माणसाच्या, कुत्र्याच्या किंवा मांजराच्या विष्ठेतून अंडी पाण्यात जातात. पाण्यातली बारीक गोगलगाय ती खाते. तिच्यात वाढून कृमीची पिले बाहेर पडतात आणि माशाच्या अंगात शिरून तिथे बारीक कोश करून बसतात. तो मासा कच्चा खाल्ला की कृमी माणसाच्या पित्तनलिकेत जाऊन राहतो. लांबी एक सेंटिमीटरही नाही. पण दहा दहा वर्षे तो तिथे मुक्काम ठोकतो. माणसाला फारसे काही जाणवत नाही. थोडा गॅस, थोडी जडता. आत मात्र नलिकेला सतत दाह होत राहतो, आणि वीस-तीस वर्षांनी, माणूस घरचा कर्ता झालेला असताना, पित्तनलिकेचा कर्करोग उभा राहतो. तो बहुधा उशिरा कळतो, आणि तेव्हा वैद्यांच्या हातात फारसे काही उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली या कृमीला माणसात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या कारणांत घातले. या रोगाचे जगातले सर्वांत अधिक प्रमाण ईशान्य थायलंडातच नोंदलेले आहे. ज्या खोन केनच्या बाजारात मी रातकिडे चघळत हिंडलो, त्याच मुलखाची ही गोष्ट.

यावर गोळी आहे. तिने कृमी मरतात. पण त्यामुळेच एक नवा फेरा सुरू झाला. कोई खायची, गोळी घ्यायची, आणि मग निर्धास्तपणे पुन्हा कोई खायची. वारंवार लागण होणे आणखी वाईट. वडील खात आले, आजोबा खात आले, आम्हाला काय होते, हा युक्तिवाद तिथेही आहे, जसा तंबाखूच्या बाबतीत आपल्याकडे आहे. शिवाय कोई म्हणजे चारचौघांत बसणे, मैत्री, मर्दुमकी. 'शिजवून दे' म्हणणारा तिथे भित्रा ठरतो. घरातली बायकामाणसे पुष्कळदा शिजवून खातात आणि पुरुषांना ते शिजवलेले मिळमिळीत लागते.

तरीही बदल होतो. खोन केनजवळ 'लावा' नावाचे तळे आहे. त्याच्या काठच्या गावांत या शतकाच्या पहिल्या दशकात एक प्रयत्न सुरू झाला. गोळ्या तर वाटल्याच, पण त्याबरोबर शाळांतून मुलांना या कृमीची सगळी वाट शिकवली, घरोघर गावातल्या आरोग्यसेवकांनी सांगितले, तळ्यातल्या माशांची आणि गोगलगायींची तपासणी चालू ठेवली. आरंभी काठच्या गावांत सरासरी शंभरातल्या साठ माणसांना लागण होती. काही वर्षांत ती तिच्या एक तृतीयांशाहून खाली आली. माशांमध्ये जी सत्तर टक्क्यांपर्यंत असे ती एका टक्क्याच्याही खाली गेली. शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे असे हे आहे. बापाला डॉक्टर जे पटवू शकला नाही ते पोराने जेवताना पटवले, असे माझे यजमान, तिथले एक अध्यापक, मला म्हणाले.

कच्च्याचे आणखी दोन प्रकार सांगून टाकतो. उत्तर थायलंडात 'लू' नावाचा पदार्थ डुकराच्या कच्च्या रक्ताचा करतात. त्यातून डुकरांतला एक जंतू माणसात येतो, मेंदूच्या आवरणाला सूज येते, आणि जे वाचतात त्यांतले पुष्कळ जण कायमचे बहिरे होतात. याला मी धाडस म्हणणार नाही. दुसरा 'कुंग तेन', म्हणजे नाचणारी कोळंबी. गोड्या पाण्यातली इवलीशी जिवंत कोळंबी लिंबू-मिरचीत टाकून वर झाकण ठेवतात. झाकण काढले की ती ताटलीतून उड्या मारते. पाहुणे टाळ्या वाजवतात. मी पाहिले, पण खाल्ले नाही. कच्चे आणि गोड्या पाण्यातले, एवढे कारण मला पुरले.

भिक्षूंची एक गोष्ट इथे आठवते. पाली ग्रंथांत भिक्षूंच्या आचाराचे जे वर्णन आहे त्यात कच्चे मांस स्वीकारणे वर्ज्य म्हटले आहे. शिवाय विनयात माणूस, हत्ती, घोडा, कुत्रा, साप, सिंह, वाघ अशा दहा प्रकारच्या मांसांना मनाई आहे. ती शिजवलेली असली तरी चालत नाहीत. हे नियम काही कृमी पाहून केलेले नव्हेत, हे उघडच आहे.

आता कोणी आपला मुलगा, पुतण्या नोकरीनिमित्त किंवा हौसेने तिकडे निघाला असेल तर त्याला दोन शब्द पाठ करून पाठवा. 'डिप' म्हणजे कच्चे. 'सुक' म्हणजे शिजलेले. गंमत अशी की आपला 'सुख' हा शब्दही थाई लोक बोलतात आणि त्याचाही उच्चार 'सुक' असाच करतात, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपे. मांस बारीक चिरून लिंबू-पुदिन्यात केलेला 'लाब' ईसानच्या प्रत्येक खाणावळीत असतो, आणि तो कच्चाही मिळतो, शिजवलेलाही. 'लाब सुक' एवढे म्हटले की वाढणारी बाई मान हलवते आणि परतून आणते. माशाची कोई हवी असेल तर 'कोई प्ला सुक' म्हणावे. तीही आता ठिकठिकाणी करून देतात. भात हाताने खायचा, उजव्या हाताने गोळा करून, रश्शात टेकवून. तेवढे आपल्या मुलाला शिकवावे लागणार नाही. तिखट सोसत नसेल तर 'माइ फेट' म्हणावे, तरी थोडे तिखट येईलच. आणि समोर तळलेल्या रातकिड्यांची बशी आली तर पाय आणि पंख काढून टाकावेत, ते घशाला टोचतात.